वाचकांचे प्रश्न: कार्बन टॅक्स लागला तर खिसा कोणाचा कापला जाणार?

प्रश्न : माझे मिस्टर छोटा हत्ती चालवतात, कळमना मार्केटमधून कांदा-बटाटा, भाजीपाला दुकानांपर्यंत पोहोचवतात. मुलगा कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकतो, तो परवा जेवताना म्हणे की आपल्याकडे कार्बन टॅक्स लावला पाहिजे. मी म्हटलं बाप्पा, आधीच डिझेल महाग, सिलेंडर महाग, त्यात अजून एक टॅक्स काहून पाहिजे? एसी लावणारे मोठे लोक, मोठ्या गाड्या त्यांच्या, आणि भरायचं आम्ही? तर तो म्हणतो उलट गरिबांचा यात फायदा होऊ शकतो. हे कसं काय शक्य आहे? – एक गृहिणी, मानेवाडा, नागपूर

ताई, तुमचंही बरोबर आहे आणि मुलाचंही बरोबर आहे, कारण तुम्ही दोघं एकाच गोष्टीच्या दोन वेगवेगळ्या टोकांबद्दल बोलताय. तुम्ही टॅक्स वसूल होतो त्या टोकाबद्दल बोलताय, तो पैसा परत येतो त्या टोकाबद्दल बोलतोय. पहिलं टोक सगळ्यांना दिसतं. दुसरं टोक काही देशांत आहेच नाही, आणि भांडण सगळं तिथंच आहे.

आधी हा टॅक्स काय असतो ते बघू. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड निघतो, किती निघतो ते ठरलेलं आहे, मग त्या धुराच्या वजनावर टनामागे टॅक्स लावायचा. फिनलंडनं 1990 मध्ये सगळ्यात आधी लावला, स्वीडननं 1991 मध्ये. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला थेट असा टॅक्स नाही. पेट्रोल-डिझेलवर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट आहे, तो लावताना कोणी कार्बनचं नाव घेत नाही, पण खिशावर परिणाम तसाच होतो.

आता हिशोब करू, कारण हिशोब केल्याशिवाय हे भांडण मिटत नाही. समजा टनाला 1000 रुपये टॅक्स लागला (आकडा मी हिशोबापुरता धरलाय, असा काही निर्णय झालेला नाही). एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा 2.7 किलो, 14.2 किलोच्या सिलेंडरचा साधारण 42 किलो, आणि आपल्या देशात विजेचा मोठा हिस्सा कोळशावर चालतो म्हणून विजेच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. म्हणजे पेट्रोल लिटरमागे 2 रुपये 30 पैसे वाढेल, सिलेंडर 42 रुपयांनी आणि वीज युनिटमागे 70 पैशांनी.

आता नागपूरचा मे महिना घ्या. एक घर आहे तुमच्या शेजारचं, महिन्याला 20 हजार कमावणारं. कूलर संध्याकाळी लावला तो सकाळीच बंद होतो, त्याचेच महिन्याला सत्तर-एक युनिट होतात, फ्रिज-पंखे-टीव्ही धरून दीडशे युनिट. एक सिलेंडर. मोटरसायकलला दहा लिटर पेट्रोल. टॅक्स झाला 105 अधिक 42 अधिक 23, म्हणजे 170 रुपये. दुसरं घर धरमपेठेतलं, महिन्याला अडीच लाख कमावणारं. दोन एसी रोज आठ तास, एका एसीचे तासाला दीड युनिट धरले तरी एसीचेच 720 युनिट, बाकीचं मिळून 900. दीड सिलेंडर आणि 80 लिटर पेट्रोल. टॅक्स झाला 630 अधिक 63 अधिक 184, म्हणजे 877 रुपये.

रुपयांत बघितलं तर धरमपेठवाल्यांनी पाचपट भरले. पण कमाईच्या हिशोबात त्यांचे गेले शंभरातले 35 पैसे, आणि 20 हजारवाल्याचे गेले शंभरातले 85 पैसे. तुम्हाला जे वाटतं ना की आमचंच कंबरडं मोडणार, ते या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि ते खरं आहे, कोणी तुम्हाला रुपयांचा आकडा दाखवून गप्प बसवायला लागलं तर ऐकू नका.

आता मुलाचं म्हणणं. समजा गल्लीत 20 हजारवाली चार घरं आहेत आणि अडीच लाखवालं एक. (खऱ्या नागपुरात कमी कमाईच्या घरांचं प्रमाण याहून जास्त आहे.) पाच घरांचा मिळून टॅक्स जमला 1557 रुपये. सरकारनं हा सगळा पैसा स्वतःकडे न ठेवता पाचही घरांना सारखा वाटला तर प्रत्येकाच्या खात्यात 311 रुपये आले. 20 हजारवाल्यानं भरले 170, मिळाले 311, म्हणजे महिन्याला 141 रुपये हातात उरले. धरमपेठवाल्याच्या खिशातून 566 गेले. टॅक्स तोच, दर तोच, आणि गरीब-श्रीमंतातली दरी थोडी कमी झाली. मुलगा म्हणतो ते हेच.

म्हणून "कार्बन टॅक्सनं विषमता वाढते का" या प्रश्नाला थेट हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पैसा कुठं गेला ते आधी विचारा.

फ्रान्समध्ये बघा काय झालं. 2018 मध्ये तिथं कार्बन टॅक्स टनाला 44.60 युरोवर गेला होता आणि पुढच्या वर्षी 55 वर जाणार होता, जमलेल्या पैशातला बराचसा सरकारी तिजोरीत जात होता, आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून त्या जागी फक्त घर-जमिनीवरचा कर ठेवला. खेड्यातल्या माणसाला कामावर जायला गाडीशिवाय पर्याय नाही, त्यानं डिझेलला जास्त पैसे मोजायचे आणि पॅरिसच्या धनवानाचा कर कमी व्हायचा, हे लोकांनी सहन नाही केलं. 17 नोव्हेंबर 2018 ला पिवळी जॅकेटं घालून लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये वाढ थांबवावी लागली. हे आंदोलन पर्यावरणाच्या विरोधातलं होतं असं आपल्याकडे बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही, ते वाटणीच्या विरोधातलं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून अशी वसुली आहे, त्यातला साधारण दोन तृतीयांश पैसा लोकांना आणि कंपन्यांना परत दिला जातो, लोकांचा वाटा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होतो. कॅनडानं 2019 पासून इंधनावर टॅक्स लावला आणि बराचसा पैसा लोकांना परत दिला, 2022 पासून तर दर तीन महिन्यांनी थेट बँक खात्यात. तिथल्या संसदेच्या बजेट ऑफिसच्या हिशोबात बहुतेक कुटुंबांना भरले त्याहून जास्त पैसे परत मिळत होते, तरीही लोक चिडले, कारण पंपावरचा भाव रोज दिसतो आणि खात्यात तीन महिन्यांतून एकदा येणारे पैसे कशाचे आहेत हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. शेवटी 1 एप्रिल 2025 पासून तिथं सामान्य ग्राहकावरचा हा टॅक्स बंद झाला. एवढं चांगलं गणित असून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आणि ताई, आता तुमच्या घराबद्दल, कारण वरचं गणित तुम्हाला लागू होत नाही. तुमच्या दारात छोटा हत्ती उभा आहे. महिन्याला दीडशे लिटर डिझेल धरलं तर त्याचेच 405 रुपये. घरचे 170 मिळवून 575 झाले, परत आले 311. म्हणजे कमाई शेजाऱ्याएवढीच आणि तरी तुमचे 264 गेले, त्याचे 141 वाढले! गरीब विरुद्ध श्रीमंत एवढंच बघणाऱ्या लोकांच्या नजरेतून हेच सुटतं, की सारखीच कमाई असलेल्या दोन घरांमध्येसुद्धा हा टॅक्स मोठा फरक पाडतो. वॉचमनची नोकरी करणारा सायकलवर जातो, त्याला फायदा. टेम्पोवाला, ऑटोवाला, दिवसभर बाइकवर फिरून पार्सल पोहोचवणारा पोरगा, यांचं इंधन हे पोटासाठी आहे, हौसेचं नाही. तुम्ही म्हणाल भाडं वाढवू, पण कळमन्यात भाडं कोण ठरवतं ते तुमच्या मिस्टरांना विचारा. डिझेल वाढतं त्या दिवशी भाडं वाढत नाही, ते महिना-दोन महिन्यांनी वाढतं, आणि तेवढ्या काळाचा तोटा टेम्पोवालाच खातो.

कॅनडात खेड्यातल्या लोकांना याच कारणानं आधी 10 टक्के आणि 2024 पासून 20 टक्के जास्त परतावा मिळायचा, कारण तिथं गाडीशिवाय चालत नाही. आपल्याकडे असा टॅक्स आणायचाच असेल तर परवाना असलेल्या छोट्या मालवाहू गाड्या आणि ऑटो यांची यादी आरटीओकडे आहेच, त्यांना वेगळी रक्कम द्यावी, आणि ती टॅक्स लागायच्या आधी खात्यात यावी. आधी टॅक्स आणि मग सहा महिन्यांनी परतावा असं झालं तर हातावर पोट असलेला माणूस मधल्या सहा महिन्यांत सावकाराकडे जातो, मग परतावा व्याजातच जाणार.

मुलाला अजून एक सांगा. जर्मनीतल्या काही संशोधकांनी 2019 मध्ये 87 गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अभ्यास मांडला, त्यात गरीब देशांमध्ये कार्बनच्या किमतीचा भार सरासरीनं श्रीमंत घरांवर जास्त पडतो असं निघालं, म्हणजे युरोपच्या उलट. कारण सरळ आहे, युरोपात गरिबालाही हिवाळ्यात घर गरम करावंच लागतं, आपल्याकडे बहुतेक गरीब घरांत चारचाकीही नाही आणि एसीही नाही. पण सरासरीत तुमचा टेम्पो दिसत नाही, आणि सावनेर-हिंगण्याकडच्या खेड्यातली बाईही दिसत नाही, जी सिलेंडर महागला की गुपचूप पुन्हा सरपण गोळा करायला जाते. तिच्या घरात टॅक्सचा आकडा शून्य दिसेल आणि धूर तिच्या छातीत जाईल. म्हणून स्वयंपाकाच्या गॅसवर हा टॅक्स लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, उज्ज्वलाच्या सिलेंडरला 300 रुपयांची सबसिडी एका हातानं द्यायची आणि दुसऱ्या हातानं 42 काढून घ्यायचे यात काही अर्थ नाही.

प्रश्न : मी कोराडीच्या कोळशावरच्या वीज प्लांटच्या बाजूला राहतो, कंत्राटी कामगार आहे, नाव छापू नका. कोळशावर आधीपासूनच सेस होता ना? तो पैसा गेला कुठं? राख आमच्या अंगणात, घाम आमचा, आणि उद्या कोळसा बंद करा म्हणाले तर आमचं काय? – एक वाचक, कोराडी परिसर

भाऊ, होता, बरोबर आठवतंय तुम्हाला. 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये क्लीन एनर्जी सेस, म्हणजे ठरलेल्या कामासाठीचा जादा कर, लागला, 2014 मध्ये 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. आपल्या देशानं लावलेला खराखुरा कार्बन टॅक्स म्हणायचा तर हाच. एक युनिट वीज बनवायला साधारण 650 ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं तर 400 रुपयांच्या सेसचे युनिटमागे सव्वीस पैसे होतात, ते तुम्ही-आम्ही सगळ्यांनी वीज बिलातून भरले, कोणाला कळलंही नाही. बिल काढून बघा, त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. कोळसा महागला की तो या ओळींमधूनच तुमच्यापर्यंत पोहोचतो आणि वरून 16 टक्के वीज शुल्क त्यावरही लागतं. कुठंही "हा कोळशाचा सेस" असं लिहिलेलं सापडणार नाही.

पैसा गेला कुठं, तर 2010-11 ते 2017-18 या काळात 86 हजार कोटींच्या वर जमा झाले. यासाठी जो राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला होता त्यात त्यातले साधारण 29-30 हजार कोटीच गेले आणि प्रकल्पांवर खर्च झाले 16 हजार कोटींच्या आत. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर हाच 400 रुपये सेस राज्यांच्या महसुलाची भरपाई करायला वळवला. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो सेसही गेला, त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. यातली गोम बघा, सेस वजनावर होता आणि जीएसटी किमतीवर आहे. टनाला 1500 रुपये भावाच्या कोळशावर आधी 75 अधिक 400 म्हणजे 475 रुपये लागायचे, आता 270 लागतात. कोळसा जितका स्वस्त आणि हलक्या प्रतीचा तितका टॅक्स कमी. कार्बनच्या हिशोबानं हे उलटं झालं.

वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या नागपुरात, उमरेड-सावनेर-कामठीच्या खाणी आपल्या, कोराडी-खापरखेड्याची वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते. एवढ्या वर्षांच्या त्या पैशातून या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारासाठी काही बाजूला ठेवलं असतं तर आज तुमचा प्रश्न एवढा टोकाचा नसता. मला याचा राग येतो आणि तो लपवायचा नाही.

तुमच्या प्रश्नात विषमतेचा जो भाग आहे तो वरच्या ताईंच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. त्यांचा खर्च वाढतो, तुमची कमाईच जाऊ शकते. महिन्याला 311 रुपये परतावा देऊन गेलेला पगार भरून निघत नाही. त्यातही कायमस्वरूपी कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या प्लांटला होते, त्याला पीएफ, ग्रॅच्युइटी आहे, आणि तुमचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असतं, ठेका संपला की मस्टरही संपलं. म्हणून उद्या भरपाईची कुठलीही योजना आली तर यादी कंपनीच्या पटावरून बनणार की ठेकेदाराच्या मस्टरवरून, हा पहिला प्रश्न विचारा. तुमच्याकडे ईएसआयसीचं कार्ड, पीएफचा यूएएन नंबर, गेट पासची झेरॉक्स, पगाराच्या पावत्या जे काही असेल ते आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा, कारण तुम्ही तिथं किती वर्षं काम केलं हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावरच येणार आहे.

प्लांट उद्याच बंद होतील असं नाही, कोराडीचे 660 मेगावॅटचे तीन संच तसे नवे आहेत. पण जुने संच एकेक करून निघतातच आणि तेव्हा गाजावाजा होत नाही.

प्रश्न : टॅक्स-बिक्स कशाला, सरळ सगळ्यांना सोलरला सबसिडी द्या, त्यात कोणाचंच नुकसान नाही. माझ्या भावानं लावलं, बिल जवळपास शून्य आलं. – एक वाचक, नंदनवन

काका, भावाचं बिल शून्य आलं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि नागपुरासारखं ऊन असलेल्या शहरात छतावर सोलर हवंच. पण कोणाचंच नुकसान नाही हे मला मान्य नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत सबसिडी मिळते. ती कोणाला मिळते, तर ज्याच्याकडे स्वतःचं छत आहे आणि उरलेले पैसे भरायची किंवा लोन घ्यायची ऐपत आहे. पार्डीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला ती मिळत नाही, पत्र्याच्या घराला नाही, चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेवाल्यालाही सहजी नाही, आणि सबसिडीचा पैसा मात्र सगळ्यांच्या टॅक्समधून येतो, तोच भाडेकरू साबण-बिस्किटावर जीएसटी भरतो त्यातूनही.

कार्बन टॅक्समध्ये निदान जास्त जाळणारा जास्त भरतो, पैसा परत दिला तर खालच्याला उरतो. नुसत्या सबसिडीत ज्याच्याकडे आधीच आहे त्याला अजून मिळतं. आणि खालच्या घरापर्यंत पैसे पोहोचवायची सोय आपल्याकडे नाही असंही आता कोणी म्हणू शकत नाही, जुलै 2024 पासून लाडकी बहीणचे 1500 रुपये खेड्यापाड्यातल्या बायकांच्या खात्यात थेट जमा होतायत, गॅसची सबसिडी त्याच्याही कितीतरी आधीपासून खात्यात येतेय. खाती आहेत, यादी आहे, अडतं ते द्यायचं की नाही या निर्णयापाशी.

तुमच्या भागात फ्लॅट स्कीम बऱ्याच आहेत म्हणून एक सांगतो. सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीलाही सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये मिळतात, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्याचे लाइट यासाठी. हे बिल मेंटेनन्समधून जातं, आणि मेंटेनन्स बऱ्याच ठिकाणी भाडेकरूच भरतो. सोसायटीची मीटिंग घेऊन ठराव करा, आणि मेंटेनन्स किती कमी करणार तो आकडा त्याच ठरावात लिहून घ्या, नाहीतर वाचलेला पैसा गेटच्या नव्या रंगात जातो.